दारावर बसलेला पाहुणा : मोठ्या पतंगांविषयीच्या भीतीची आणि कौतुकाची पार्श्वभूमी

पावसाळ्याच्या दिवसांत कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या घराच्या भिंतीवर वीतभर पंखांचा पतंग येऊन बसला, की घरात एकाच वेळी निरनिराळी धावपळ सुरू होते. कोणी केरसुणी शोधते, कोणी मोबाइल, कोणी मुलांना मागे ओढते. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक बातमीत तो ‘दुर्मीळ’ ठरतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तितकाच दुर्मीळ ठरतो. पतंग निरुपद्रवी असतो, तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. तरीही त्याच्याकडे पाहण्याची नजर इतकी वेगवेगळी का, याचे उत्तर त्या कीटकापेक्षा माणसांनी त्याला दिलेल्या नावांच्या इतिहासात अधिक सापडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिका खंडातले आहे. इंग्रजीत ‘ब्लॅक विच’ म्हणजे काळी चेटकीण या नावाने ओळखला जाणारा, पंख पसरल्यावर सुमारे 17 सेंटिमीटरपर्यंत भरणारा गडद तपकिरी पतंग मेक्सिकोपासून कॅरिबियन बेटांपर्यंत सर्वत्र आढळतो. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासून मेक्सिकोतील नाहुआ लोक त्याला ‘मिकपापालोत्ल’, म्हणजे मृत्यूचे फुलपाखरू, म्हणत आले. आजारी माणसाच्या घरात शिरून त्याने चारही कोपऱ्यांना भेट दिली, तर तो माणूस दगावतो, अशी समजूत तिथे होती. (‘पापालोत्ल’ या शब्दावरूनच मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये कागदी पतंगाला ‘पापालोते’ म्हणतात, आकाशात उडणाऱ्या कागदाला आणि दिव्यावर झेपावणाऱ्या किड्याला एकच शब्द वापरणाऱ्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये.) मात्र समुद्र ओलांडून बहामा बेटांवर गेले की हाच कीटक पैशांचा पतंग होतो आणि तो अंगावर बसला तर धनलाभ होतो, असे लोक मानतात. दक्षिण टेक्ससमध्ये तो दारावर बसला तर लॉटरी लागते, जमैकात तो भटकणारा आत्मा आहे, तर हवाईत नुकतीच निधन पावलेली जवळची व्यक्ती निरोप घ्यायला आली, असे समजून त्याच्याकडे आदराने पाहिले जाते. पंख तेच, रंग तोच आणि भिंतीवर बसण्याची रीतही तीच असताना अर्थ मात्र बेटागणिक बदलतो.

युरोपात भीतीचे काम एका ठिपक्याने केले. तिथल्या एका मोठ्या पतंगाच्या पाठीवर मानवी कवटीसारखी फिकट आकृती असते, आणि त्याला हात लावला की तो चक्क चिरकतो. घशातून हवा आत ओढून ती पुन्हा बाहेर फेकताना, अकॉर्डियनच्या भात्याप्रमाणे, हा आवाज निघतो. पण 18 व्या शतकातल्या खेडुताला ते कळण्याचा मार्ग नव्हता. फ्रेंच निसर्गअभ्यासक रेओम्यूर याने ब्रिटनीमधील लोक साथीच्या काळात या पतंगाला मृत्यूचा दूत समजून घाबरत असल्याची नोंद केली आहे. शास्त्रज्ञांनीही या भीतीला खतपाणीच घातले. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये त्याला ग्रीक पुराणातील आयुष्याचा धागा कापणाऱ्या देवतेवरून ‘अ‍ॅट्रोपॉस’ हे नाव दिले आणि पुढे त्याच्या आशियाई भावंडांना ‘स्टिक्स’ ही पाताळातील नदी व ‘लॅकेसिस’ ही दुसरी दैवदेवता वाट्याला आली. वास्तविक हा प्राणी मध चोरण्यासाठी मधमाश्यांच्या पोळ्यात शिरणारा भुरटा चोर आहे.

यातील ‘स्टिक्स’ आपल्याकडेही आहे, पण इथे त्याची ओळख वेगळ्याच दाराने झाली. तिळाच्या शेतात पाने फस्त करणारी, शेपटीवर शिंगासारखा काटा असलेली बोटाएवढी जाड हिरवी अळी ही त्याचीच. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती हाताने वेचून नष्ट करायची कीड आहे आणि तिच्यातून निघणाऱ्या पतंगाच्या पाठीवर काय रेखाटले आहे, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते.

भारतीय वाङ्मयातला पतंग मुळात भयप्रद नव्हताच. तो दयेचा विषय होता. गीतेच्या अकराव्या अध्यायात पेटत्या ज्वाळेत वेगाने शिरणारे पतंग येतात ते विनाशाकडे धावणाऱ्या योद्ध्यांच्या उपमेसाठी. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने मानलेल्या चोवीस गुरूंमध्ये पतंग आहे, आणि त्याच स्कंधावर एकनाथांनी 1573 मध्ये पूर्ण केलेल्या मराठी टीकेमुळे रूपाला भुलून जळणारा हा गुरू महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला. हा पतंग दिव्याभोवती फिरणारा लहानसा जीव असतो. त्यामुळे ताटाएवढा पतंग समोर आला, की ही ओळख उपयोगी पडत नाही आणि डोळ्यांना वटवाघूळ किंवा साप आठवतो.

विदर्भात मात्र मोठ्या पतंगाशी जुना आर्थिक संबंध आहे. भंडारा आणि गडचिरोलीच्या जंगलांत ऐनाच्या झाडांवर टसर या रानरेशमाच्या अळ्या वाढवणाऱ्या ढिवर कुटुंबांसाठी बियाण्यासाठी राखलेल्या कोशातून बाहेर पडणारा पतंग म्हणजे पुढच्या पिकाचे बियाणे. त्याला घाबरून कसे चालेल?

भीती सर्वस्वी निराधार असते, असेही म्हणता येत नाही. दक्षिण अमेरिकेतील ‘हायलेसिया’ गटाच्या पतंगांचे सूक्ष्म केस त्वचेवर पडून तीव्र खाज सुटते आणि व्हेनेझुएलातील कॅरिपिटो बंदरात उभ्या राहणाऱ्या जहाजांवरील खलाशांना तिचा इतका त्रास झाला की त्या खाजेला बंदराचेच नाव मिळाले. आपल्याकडच्या मोठ्या रेशीमपतंगांच्या पंखांवरची भुकटी मात्र केवळ खवल्यांची असते.

कौतुकाची परंपरा आपल्याकडे उशिरा आली आणि ती आधी इंग्रजांची होती. कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसनने 1892 ते 1896 या काळात भारतीय पतंगांवर चार खंड लिहिले. त्यानंतर तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कारवारचा वनाधिकारी बेल याने अळ्या स्वतः पाळून केलेल्या निरीक्षणांच्या आधारे सहलेखक स्कॉटसह 1937 मध्ये पाचवा खंड सिद्ध केला. पांढऱ्या चादरीवर दिवा सोडून रात्रभर पतंग पाहणारे आजचे हौशी लोक त्याच वाटेने चालले आहेत.

आपल्या भिंतीवरचा तो वीतभर पाहुणा बहुधा अ‍ॅटलास गटातला असतो. त्याच्या पुढच्या पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी दिसतात, म्हणून कँटनी भाषेत त्याला सर्पमुखी पतंग म्हणतात. जपानच्या योनागुनी बेटाने मात्र त्याला आपले नाव दिले आहे. प्रौढ अवस्थेत त्याला खाण्यायोग्य तोंडच नसते, अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर, फार तर थोडे अधिक, जगतो. मादी दिवसभर एकाच जागी निश्चल बसते, तेव्हा ती कोणाला लाभ किंवा अशुभ सांगायला आलेली नसते. अंधार पडल्यावर नराला वास पोहोचावा, एवढ्यासाठी ती शक्ती राखून असते, आणि केरसुणीने हुसकावल्यावर ती शक्ती भिंतीभिंतीवर आपटण्यात खर्च होते.