पदवीच्या शेवटच्या वर्षात आहात? तीन वर्षांच्या एलएलबीची तयारी अशी करा

एलएलबीसाठी अमुकच विषयातली पदवी लागते असं काही नाही. बीए, बीकॉम, बीएस्सी, बीई, काहीही चालतं. वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलची अट टक्केवारीची आहे: खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ४५, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०. दूरशिक्षणाची पदवी चालते, पण दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी चालत नाही. शेवटच्या वर्षाचा निकाल बाकी असला तरी सीईटीला, म्हणजे एलएलबीच्या प्रवेश परीक्षेला, बसता येतं.

ही परीक्षा महाराष्ट्राचा राज्य सीईटी कक्ष घेतो. कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे विभाग असतात. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न सोडून येऊ नका.

खरी गफलत पुढे होते. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते. त्यात कागदपत्रं अपलोड करायची, त्यांची छाननी होते, मग गुणवत्ता यादी, कॉलेजांचे पसंतीक्रम आणि फेरीनिहाय जागावाटप. मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज किंवा पुण्याचं आयएलएससुद्धा याच वाटेने मिळतं. पसंतीक्रम भरताना 'मिळेल का' हा हिशेब करू नका, जे खरंच हवं ते वर लिहा.

दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, हे सहसा हाताशी असतं. विद्यापीठ सीजीपीए देत असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र आधीच मागून ठेवा. निकालाच्या गर्दीत ते लवकर मिळत नाही.

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांनी तर पाचव्या सेमिस्टरलाच कामाला लागावं. जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि पडताळणी समितीकडे वडील-आजोबांचे जुने पुरावे जुळवण्यात महिने जातात. घरात कुणाची वैधता झालेली असेल तर ती जोडा, काम बरंच हलकं होतं. ओबीसींना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही हवं, तेही त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं.

नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी आत्ताच ताडून पाहा. आधारवर वेगळं असेल तर ते फॉर्म सुटण्याआधी दुरुस्त करून घ्या.