गजालीतलं ‘मगे?’

जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावर पडवीपडवीत जाळी दुरुस्त करायला माणसं बसतात आणि हात चालू असताना गजालीही चालू असतात. अशाच एका पडवीत एक जण खाली मान घालून म्हणाला, “माका झोप येणा नाय.” समोरच्याने दोरा हातातच थांबवला, वर पाहिलं आणि एवढंच विचारलं, “मगे?”

मग बोलणाऱ्याचा बांध फुटला. बोटीचं कर्ज, रात्री दोनला येणारी जाग, छातीतली धडधड. समोरचा मध्ये एकदाही बोलला नाही. त्याने स्वतः नैराश्यावर उपचार घेतले होते, पण ते सांगितलं अगदी शेवटी: “माझा पण असाच झालला.”

असं गप्प राहणं मेंदूला किती जड जातं, हे मोजलेलं आहे. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. पण एक साधा शब्द मनात जुळवून तोंडातून बाहेर काढायलाच मेंदूला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं. मासळीच्या लिलावात हे चालतं, तिथे ते हवंच. मन दुखावलेल्या माणसासमोर मात्र आपलं अर्धं लक्ष उत्तराकडे गेलेलं असतं आणि त्याला ते कळतं.

‘मगे?’ म्हटलं की हे उत्तर बाजूला राहतं आणि समोरच्याला आपल्या त्रासाला शब्द शोधावे लागतात. शब्द सापडल्यानेही फरक पडतो. २००७ च्या एका प्रयोगात लोकांना भावना दाखवणारे चेहरे दाखवले. त्या भावनेला नाव दिलं की भीती-धोक्याला चटकन प्रतिसाद देणारा मेंदूतला अमिग्डाला हा भाग शांत होताना दिसला.

मानसिक आजारातून गेलेल्यांनी एकमेकांना आधार देण्याला ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात. आपल्याकडचे स्वमदत गट त्याच वाटेवरचे. ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांचा विभाग सांभाळणारा ज्याँ-बातिस्त प्युसाँ बऱ्या झालेल्या रुग्णांनाच सेवक म्हणून ठेवत असे. तो स्वतःही तिथेच गंडमाळेवर उपचार घेतलेला रुग्ण होता. पुढे १९६५ मध्ये अमेरिकन अभ्यासक फ्रँक रिसमन यांनी मांडलं की मदत करणाऱ्यालाही मदत करण्यातून बळ मिळतं.

मला यातलं हे देणं-घेणंच सगळ्यात मोलाचं वाटतं. एकच माणूस कायम ऐकणारा आणि दुसरा कायम दुखणेकरी राहिला, तर ती मैत्री उरत नाही, ओझं होतं. ‘माझंही तसंच झालं होतं’ हे वाक्य उशिरा आलं तर धीर देतं. पहिल्याच मिनिटाला आलं तर समोरच्याच्या तोंडची गोष्ट हिरावून घेतं. औषधाची जागा अशी सोबत घेत नाही. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर ऐकून सोडून देऊ नका. त्याला एकटं न ठेवता डॉक्टरकडे न्या, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो.

आठवड्याने त्याच पडवीत गेलो. जाळं बरंचसं सांधून झालं होतं. कर्जवाल्याने आज दोरा खाली ठेवला होता आणि तो समोरच्याला विचारत होता, “आणि तुका झोप लागता मां?”