ॲम्ब्युलन्समधल्या माणसाने किती तास शिकायचं?

बारावीनंतर ‘पॅरामेडिकल’ शोधायला निघालेली मुलं आपल्याकडे बऱ्याचदा डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या, किंवा एक्स-रे टेक्निशियनच्या वर्गात जाऊन बसतात. चूक त्यांची नाही. आपल्याकडे परावैद्यक या एका शब्दात लॅबपासून डायलिसिसपर्यंत सगळे मावतात. अमेरिकेत मात्र पॅरामेडिक म्हणजे रस्त्यावर, जिन्यात, फाटलेल्या गाडीच्या पत्र्यात रुग्णाला सांभाळणारा माणूस. हे काम पद्धतशीर शिकवायचं असतं, ही कल्पनाच तिथे जेमतेम साठ वर्षांची आहे.

1960 च्या दशकात अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या ॲम्ब्युलन्स अंत्यविधी करणारे व्यावसायिक चालवत. कारण साधं होतं: आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. 1966 मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अहवाल काढला. आदल्या वर्षी अपघातांनी 1 लाख 7 हजार माणसं गेली होती, आणि ॲम्ब्युलन्सच्या दर्जाला किंवा त्यातल्या माणसांच्या शिक्षणाला देशभर लागू होईल असं मोजमापच नव्हतं.

त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा, सुमारे 70 किलोचा डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाची लय सावरणारं यंत्र, ॲम्ब्युलन्समध्ये चढवला. सोबत डॉक्टर आणि नर्स. म्हणजे दवाखानाच रुग्णाच्या दारी. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये डॉ. पीटर सफार यांचा विचार वेगळा होता. तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रीय कसोटीवर सिद्ध करण्यात ज्यांचा मोठा वाटा, तेच हे सफार. हाताला वळण लावलं तर डॉक्टर नसलेला माणूसही हे काम करू शकतो, हे त्यांना प्रयोगांतून कळलं होतं. 1967 मध्ये ‘फ्रीडम हाउस’ या ॲम्ब्युलन्स सेवेसाठी त्यांनी हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतले बेरोजगार तरुण घेतले. काहींची शाळाही पूर्ण झालेली नव्हती. त्यांना सुमारे 300 तास शिकवलं: शरीररचना, श्वासमार्ग, हृदय-मालिश, गाडी चालवणं. नंतर सरकारने ईएमटीसाठी, म्हणजे ॲम्ब्युलन्समधल्या आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञासाठी, पहिला राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला, तो अवघ्या 81 तासांचा! फ्रीडम हाउसचा करार शहराने 1975 मध्ये संपवला आणि स्वतःची सेवा उभी केली. शहराच्या नव्या सेवेत फ्रीडम हाउसमधले फार थोडे टिकले. शेवटच्या टप्प्यात फ्रीडम हाउसच्या वैद्यकीय प्रमुख असलेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनीच पुढे पॅरामेडिकचा पहिला राष्ट्रीय अभ्यासक्रम लिहिला. आजही अनेक देशांत थोड्याफार फरकाने तोच साचा चालतो.

साचा टिकला, आतलं बरंच बदललं. रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा, म्हणजे टूर्निके, वर्षानुवर्षं ‘शेवटचा उपाय’ म्हणून शिकवला गेला, कारण हात-पाय जाईल ही भीती. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांतल्या अनुभवानंतर तो पुन्हा पुढे आला. जखमेच्या वर 5 ते 7 सेंटिमीटर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. नवखे हमखास चुकतात ते अर्धवट आवळण्यात. शिरा दबतात, धमनी चालूच राहते, आणि रक्त उलट जास्त वाहतं. रक्तदाब सावरायला पायांना चढवून हवेने फुगवायची ‘अँटी-शॉक’ विजार मात्र गेली ती गेलीच. ह्यूस्टनच्या चाचण्यांत तिचा फायदा दिसला नाही.

अंबू बॅग, म्हणजे हाताने पिळून रुग्णाला श्वास द्यायची पिशवी, हाताळतानाही नवखे असेच चुकतात. मोठ्यांच्या बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा असते, पण एका श्वासाला 500-600 मिली पुरते. छाती उचललेली दिसली की थांबायचं. घाबरलेला हात बॅग पूर्ण पिळतो, तीही भराभर. हवा पोटात जाते, उलटी होते, ती फुप्फुसात उतरते. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्तही घटतं. हृदय-मालिशीत 30 दाबांना 2 श्वास आणि मिनिटाला 100 ते 120 दाब हे पाठ करायला पाच मिनिटं लागतात. गाडी वळणावर असताना ते जमायला मात्र तासच मोजावे लागतात.

भारतात 108 सेवा 15 ऑगस्ट 2005 रोजी हैदराबादमधून सुरू झाली. तिने पिट्सबर्गची वाट धरली: विज्ञान शाखेचे पदवीधर घ्यायचे, काही आठवडे प्रशिक्षण द्यायचं, गाडीत ईएमटी म्हणून बसवायचं आणि फोनवर डॉक्टर ठेवायचा. गोव्यात 2008 मध्ये हीच पद्धत आली. महाराष्ट्राने 2014 मध्ये 937 गाड्यांची सेवा सुरू केली, त्यांत 233 प्रगत जीवरक्षक गाड्या. इथे वाट बेलफास्टची: प्रत्येक गाडीत डॉक्टर, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस, आणि चालकाला म्हणायचं पायलट. राज्यात हे पदवीधर भरपूर, त्यामुळे निर्णय सोयीचा होता. पण त्यामुळे ईएमटीचं शिक्षण घेतलेल्याला राज्यातल्या सर्वांत मोठ्या ॲम्ब्युलन्स सेवेत जागा उरली नाही. तो खासगी रुग्णालयांच्या गाड्या, कारखाने, मॅरेथॉन किंवा परराज्य, परदेश यांकडे वळला.

2021 च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला स्वतंत्र व्यवसाय म्हणून यादीत घेतलं. या कायद्यात संबद्ध (अलाइड) व्यावसायिकाच्या शिक्षणाची किमान मर्यादा 2,000 तास आहे, दोन ते चार वर्षांत विभागलेली. प्रवेश घेताना विचारायचं ते एवढंच: यातले किती तास चालत्या ॲम्ब्युलन्समध्ये आणि अपघात विभागात आहेत, आणि किती नुसते फळ्यासमोर.