तुघलकाचे साक्षीदार

दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीतून, त्या काळोख्या भुयारी वाटेतून, बाहेर आलं की गाइडची गाडी हमखास दिल्लीच्या सुलतान मुहम्मद तुघलकावर येते आणि ‘येडा राजा’ म्हणून मोकळी होते. ‘तुघलकी कारभार’ म्हणताना आपण तरी वेगळं काय करतो? गिरीश कार्नाडांनी १९६४ साली कानडीत लिहिलेल्या ‘तुघलक’नं मात्र या वेडामागचा माणूस शोधला. विजय तेंडुलकरांनी ते नाटक मराठीत आणलं. त्यातला सुलतान न्यायाच्या, हिंदू-मुसलमानांच्या एकोप्याच्या गोष्टी मनापासून करतो. तोच नमाजाच्या वेळी शिहाबुद्दीनला स्वतःच्या हातानं भोसकतो, सावत्र आईला दगडांनी ठेचून मारायचा हुकूम सोडतो. आपलं स्वप्न ज्याला कळत नाही, त्याच्या जिवाची त्याला पर्वा उरत नाही. नेहरूकाळाचा अपेक्षाभंग अनेकांना या नाटकात दिसला. उत्तरार्ध तर आपल्याच किल्ल्यावर घडतो.

इतिहासात या वेडामागचा हेतू शोधायला जावं, तर जितकी तोंडं तितकी कारणं. १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला, का हलवली? दरबारी इतिहासकार बरनी सांगतो, राज्याच्या मध्यावर म्हणून. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सांगतो, दिल्लीकर शिव्या लिहिलेल्या चिठ्ठ्या रात्री दरबारात टाकत, त्याचा हा सूड. एका आंधळ्याला चाळीस दिवसांची वाट फरफटत आणलं आणि दौलताबादला नुसता पाय पोचला, ही अंगावर काटा आणणारी गोष्टही त्याचीच. पण हा गृहस्थ हिंदुस्थानात आला १३३३ च्या सुमारास, म्हणजे सगळं ऐकीव. शिवाय पुढं याच सुलतानाच्या पदरी काझी. बरनी सतरा वर्षं सुलतानाच्या जवळ होता. त्यानं लिहिलं ते सुलतानाच्या मृत्यूनंतर, स्वतः दरबारातून उतरल्यावर.

तिसरा साक्षीदार कवी इसामी, आणि तो तर दौलताबादकरच. सोळाव्या वर्षी घरच्यांबरोबर दिल्ली सोडली. नव्वदीचे आजोबा दिल्लीच्या वेशीपासून फार लांब नाही, तिलपतच्या पहिल्याच मुक्कामी वारले. हा घाव त्यानं आयुष्यभर सांभाळला. १३५० मध्ये पुरा केलेल्या त्याच्या फारसी काव्यात, ‘फुतूह-उस-सलातीन’मध्ये, तुघलक राक्षसच आहे. दुःख खरंच होतं, त्यात शंका नाही. पण काव्याचा आश्रयदाता कोण? तुघलकाविरुद्ध बंड करून १३४७ साली दौलताबादेत गादीवर बसलेला हसन बहमनी. जुना धनी जितका काळा, तितकं नव्याचं बंड उजळ.

सबंध दिल्ली ओस पडली, हेही आता फारसे इतिहासकार मानत नाहीत. हलवले ते प्रामुख्यानं अमीर, उलेमा म्हणजे धर्मपंडित, आणि सूफी. त्यांतले सगळे परतले नाहीत. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब इकडेच राहिले, १३३७ मध्ये वारले. खुलदाबादला त्यांचा दर्गा आहे. सुलतान स्वतः दिल्लीला परतला, पण त्याच्या पडलेल्या दाताची म्हणून एक कबर बीडजवळ दाखवतात. अक्षरशः दंतकथा.