कोकण किनाऱ्यावरची लांब पल्ल्याची सायकल सफर : सराव आणि आहार

सलग काही दिवस, रोज साधारण ७० ते १०० किमी, सामान आपल्याच सायकलवर लादून किनाऱ्याकिनाऱ्याने केलेला प्रवास आणि त्याच्या आधी काही आठवडे करायची तयारी, असा या नोंदीचा विषय. मार्ग बहुतेक जण रेवस ते रेडी हा सागरी महामार्गच धरतात, पुढे तेरेखोलची खाडी ओलांडून गोवा. या रस्त्याची कल्पना बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची (१९८०–८२) असं सहसा सांगतात. खाड्या बऱ्याच ठिकाणी पुलाने आणि आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा ठिकाणी जंगलजेटीने (माणसांसकट वाहनं नेणाऱ्या फेरीबोटीने) ओलांडायची पद्धत आहे. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत कापायचा प्रकार (२०० किमी साडेतेरा तासांत वगैरे), यात धरलेला नाही, तिथे घड्याळाशी झगडा असतो, इथे उद्या सकाळी परत पाय चालले पाहिजेत एवढीच अट असते आणि आहाराचा सगळा विचार या एका फरकावरून बदलतो.

साठा भरण्याचा वाद

स्नायूंमधे ग्लायकोजेनचा (कर्बोदकांपासून शरीराने साठवलेल्या इंधनाचा) साठा साधारण ३५० ते ५०० ग्रॅम, यकृतात आणखी १०० च्या आसपास, म्हणजे धरून चाला दोन हजार कॅलरी, आणि लादलेली सायकल चढावर तासाला ४००–६०० सहज खाते. थोडी चरबीही जळते म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही, पण साठा संपला की पाय गळतात, डोकं चालेनासं होतं. जाण्याआधी भरपूर भात-बटाटे खाऊन हा साठा फुगवायचा, ही युक्ती कुणाची यावर दोन मतं दिसतात. बहुतेक पुस्तकं श्रेय स्टॉकहोमच्या १९६७ च्या कामाला देतात, बर्गस्ट्रॉम, हर्मनसेन, हुल्टमन आणि सॉल्टिन यांनी माणसांना प्रयोगशाळेतल्या सायकलवर दमेपर्यंत बसवलं तेव्हा चरबी-प्रथिनांच्या जेवणावर ती तासभर टिकली, मिश्र जेवणावर दोनेक तास, कर्बोदकांवर पावणेतीनच्या पुढे. त्याच्या आदल्या वर्षी बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला होता, एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेकच पाय मारला, नंतरचे दिवस कर्बोदकं खाल्ली आणि फक्त दमलेल्या पायात साठा दुपटीच्या आसपास गेला, दुसरा पाय होता तसाच. पण जेवण आणि दम यांचा संबंध क्रिस्टेनसेन आणि हॅन्सन यांनी १९३९ मधेच दाखवला होता, फक्त स्नायूचा तुकडा सुईने काढून बघायची सोय त्यांच्याकडे नव्हती. तेव्हा कल्पना १९३९ ची आणि कारणमीमांसा साठच्या दशकातली, असं धरणं जास्त न्याय्य वाटतं.

आधी तीन दिवस कर्बोदकं बंद करून साठा रिकामा करायचा आणि मग भरायचा, ही जुनी कडक रीत १९८१ च्या शर्मन आणि सहकाऱ्यांच्या कामानंतर मागे पडली, नुसता व्यायाम कमी करून कर्बोदकं वाढवली तरी जवळपास तेवढाच साठा होतो. सफरीच्या दृष्टीने मात्र हा सगळा वाद पहिल्या दिवसापुरताच. रेवसला भरलेली टाकी दिवेआगर येईपर्यंत रिकामी होते, आणि पूर्ण भरायला नीट खाल्लं तरी २० ते २४ तास लागतात, म्हणजे रोज संध्याकाळी काय आणि किती लवकर खाल्लं यावर दुसरा दिवस ठरतो.

सराव

किनारा म्हणजे सपाट, ही घाटावरच्या माणसाची समजूत पहिल्याच दिवशी मोडते. रस्ता जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळावरून, खाडीपर्यंत उतरतो, पलीकडे गेलं की परत सडा, आणि हे दिवसातून चार-पाचदा. चढ लांब नसतात, उभे असतात. त्यामुळे सिंहगड किंवा खंबाटकी एकदा चढून आलो म्हणजे झालं असं नाही, घराजवळचाच एखादा छोटा उभा चढ सामानासकट पाच-सहा वेळा करणं जास्त उपयोगी, मागच्या कॅसेटमधल्या (चाकावरच्या दातेरी चकत्यांमधल्या) सगळ्यात मोठ्या चकतीला ३२–३४ दात असले तर गुडघे दुवा देतात. आठ ते बारा आठवडे पुरतात. त्यात शनिवार-रविवार सलग दोन दिवस लांब जाणं हे महत्त्वाचं, कारण दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी बसायची सवय एका लांबलचक राइडने लागत नाही. आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नये हा नियम सगळीकडे सांगतात, पण त्यामागे पुरावा फारसा नाही, ग्रोनिंगनमधे २००८ साली नवख्या धावपटूंवर तपासला तेव्हा दुखापतीत फरक दिसला नव्हता. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणावं.

पुण्याकडची मंडळी पहाटेच्या कोरड्या गारव्यात सराव करतात आणि इथे येऊन घामाने भिजतात, हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही, नुसता गळतो आणि अंग गार होत नाही. उन्हाची सवय व्हायला १०–१४ दिवस लागतात, म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांतल्या काही राइड मुद्दाम दहा-अकराच्या उन्हात, जपून, कराव्यात.

पाणी आणि मीठ

ठरावीक वेळाने प्यावं की तहान लागेल तसं, हा दुसरा वाद. दक्षिण आफ्रिकेतल्या लांब शर्यतींमधे नुसतं पाणी अति पिऊन रक्तातलं सोडियम घसरल्याच्या घटना १९८५ मधे नोंदवल्या गेल्या तेव्हापासून तहानेच्या बाजूचं पारडं जड झालंय, आणि ते बरोबरच वाटतं, मात्र दमट हवेत तहानेबरोबर मीठही हवं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं, त्यामुळे शहाळ्यावर भिस्त ठेवणाऱ्याने सोबत खारट काहीतरी खावं. ओआरएसचं पाकीट एक लिटरमधेच घालायचं, त्यात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं, म्हणजे मीठ-पाण्यासाठी ठीक पण इंधन म्हणून काही नाही. कोकम सरबत मीठ-जिरं-साखर घातलेलं असेल तर तिन्ही कामं करतं. कोकमाने चरबी झडते हा दावा कच्चा आहे. सोलकढीत नारळाचं दूध असतं, ती जेवणानंतर.

खाणं

चालत्या सायकलवर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, केळं, खजूर, चिक्की, राजगिरा वडी, आंबापोळी, फणसपोळी, काहीही चालेल, शेवटच्या दोन्ही तर कोकणाने सायकलवाल्यांसाठीच केल्यात असं वाटावं इतक्या खिशात बसतात. काजू चविष्ट पण चरबीचे, चढाआधी नकोत. जेटीची वाट बघताना खाऊन घ्यावं.

सकाळी घावणे किंवा आंबोळी छान, पण सगळ्यात शहाणी न्याहारी उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि लोणच्यासोबत. पाणी, मीठ, कर्बोदकं एकाच वाडग्यात आणि पोट जड होत नाही. दिवसाला वजनाच्या किलोमागे सात ग्रॅम धरलं तर ६० किलोच्या माणसाला ४२० ग्रॅम कर्बोदकं लागतात, १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ती ७८ च्या आसपास असतात, तेव्हा भाताला घाबरणाऱ्याने हा आकडा कसा गाठायचा ते त्यालाच ठाऊक. मुक्कामी पोचल्यावर तासाभरात काहीतरी गोड किंवा पोहे, मग रात्री भात, कुळथाची पिठी नाहीतर माशाची कढी. तळलेल्या सुरमईचं तिखट ताट दुपारी घेतलं तर पुढचा सडा महाग पडतो. घरगुती खानावळींना आधी फोन करून माणसं किती ते कळवावं लागतं, भात दुप्पट लागेल हेही तेव्हाच सांगून ठेवावं.