गावाकडचं बंद घर रंगवताय? आधी पुट्टी लावू नका

नवरात्र आलं की फोन सुरू होतात: गावचं घर उघडलंय, दिवाळीपर्यंत रंगवून द्या. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीचं काम तेवढ्यात होत नाही. पावसाळाभर प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो, इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात तर जास्तच. असं काम आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेतो.

सगळ्यात महाग पडते ती घाईची पुट्टी. आम्हाला बोलावण्याआधी गवंड्याकडून पुट्टी, प्रायमर, वर प्लास्टिक पेंट मारून घेतलेला असतो. आतली ओल अडकते, लोणा (भिंतीतला पांढरा क्षार) वर येतो आणि पुढच्या पावसाळ्यात तळहाताएवढे पोपडे सुटतात. मग ते खरवडण्याची मजुरी वेगळी लागते. खालच्या दोन-तीन फुटांना सिमेंटचा गिलावा केला, तर ओल त्याच्या वर चढते.

ओल घरीच तपासा. दीड फुटाचा प्लास्टिक कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा. त्याआधी कौलं आणि पन्हळ बघा. गळती चालू असेल तर रंगाचं बोलूच नका.

पुट्टी-प्लास्टिक पेंटऐवजी आम्ही कळीचा चुना किमान पंधरा दिवस पाण्यात विरवून, फडक्यातून गाळून, दुधाइतका पातळ करून लावतो. लावताना भिंत वरून ओलसर करून चुन्याचे तीन हात, दोन हातांच्या मध्ये एक दिवस. “एका दिवसात उरका” म्हणतात, पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो. भर उन्हात लावला तर हाताला पांढरी पूड येते.

रंग जमिनीशी जुळवायचा तर शेतातली मूठभर माती आणा, शेड तिच्यावरून काढतो. तीच माती चुन्यात मिसळा म्हणू नका. निफाडकडची काळी माती पाण्याने फुगते, सुकली की तडकते. तांबड्या मातीच्या गावाला गेरू, काळ्या रानात फिकट पिवळ्या मातीचा रंग उठून दिसतो. दहा किलो चुन्याला रंग एक किलोच्या आत, नाहीतर अंगाला लागतो. ओला रंग गडद दिसतो, वाळला की बराच उतरतो. म्हणून एक फुटाचा नमुना दोन दिवस वाळल्यावरच होकार द्या. काळ्या दगडाचं जोतं नुसतं धुवायचं. त्यावर ऑइलपेंट आम्ही मारत नाही.

फोन करताना भिंत कशाची, शेवटचा रंग कोणता आणि घर किती वर्षं बंद होतं ते सांगा. प्लास्टिक कागदाचा सकाळचा फोटो पाठवलात तर आमची एक फेरी वाचते, आणि पाहणीचे पैसेही आम्ही धरत नाही.