आंतरराष्ट्रीय विकास अभ्यासातील पीएच.डी.

गरिबी, विषमता, शेती, स्थलांतर, आरोग्य, परकीय मदत, राज्यसंस्थेचा कारभार अशा प्रश्नांवर अनेक विद्याशाखांची साधने वापरून स्वतंत्र संशोधन करणाऱ्यास प्रबंधाच्या आधारे मिळणारी विद्यापीठीय पदवी. ती पूर्ण व्हायला देशागणिक साधारण तीन ते सात वर्षे लागतात. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र, भूगोल आणि राज्यशास्त्र या शाखा इथे एकत्र येतात. त्यामुळे समीकरणे मांडणारा एक आणि वर्षभर एखाद्या वस्तीत राहून आलेला दुसरा, असे दोन संशोधक एकाच विभागात शेजारी बसून काम करताना दिसतात.

या पदवीचे खरे वेगळेपण मात्र विषयाच्या गाभ्यातच आहे. ज्या ‘विकासा’चा अभ्यास करायचा, त्याचा अर्थच इथे वादाचा आहे. रसायनशास्त्रज्ञाला रेणू म्हणजे काय हे दर वेळी नव्याने ठरवावे लागत नाही. विकासाच्या अभ्यासकाला ते पहिल्याच प्रकरणात ठरवावे लागते, आणि ते ठरवताना कोणाचा विकास, कोणाच्या मापाने आणि कोणाच्या खर्चाने, याचेही उत्तर द्यावे लागते. जो हे टाळतो त्याच्या प्रबंधात पुढे कितीही आकडे आले तरी ते अधांतरी राहतात.

विषयाची घडण

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती एकामागून एक स्वतंत्र होऊ लागल्या आणि त्यांच्या अर्थव्यवस्थांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी २० जानेवारी १९४९ च्या भाषणात ‘अविकसित’ प्रदेशांना तांत्रिक मदत देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. जगाची विकसित आणि अविकसित अशी विभागणी धोरणाच्या भाषेत रुजली ती त्या सुमारास. १९५२ मध्ये हेग येथे इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज आणि १९६६ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स येथे इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज स्थापन झाली. नव्या देशांतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणे हे अशा संस्थांचे सुरुवातीचे एक मोठे काम होते. संशोधन पदव्यांचा विस्तार त्यानंतरचा.

पहिली दोन दशके अर्थतज्ज्ञांची होती. आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये शेतीतले अतिरिक्त मनुष्यबळ उद्योगाकडे वळवून वाढ कशी साधता येईल याचे प्रारूप मांडले. राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी १९५० मध्ये, कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या व्यापारशर्ती, म्हणजे निर्यातीच्या किमतींचे आयातीच्या किमतींशी असलेले प्रमाण, काळाच्या ओघात खालावत जातात, असे दाखवले. पुढे लॅटिन अमेरिकेत फोफावलेल्या अवलंबित्व सिद्धांताला, म्हणजे गरीब देशांचे मागासलेपण श्रीमंत देशांवरील अवलंबनातून येते या विचाराला, या मांडणीने मोठे बळ दिले.

या चौकटीला आतूनच तडे गेले. ससेक्सच्या संस्थेचे पहिले संचालक डडली सीअर्स यांनी १९६९ मध्ये तीन साधे प्रश्न विचारले : गरिबीचे काय झाले, बेरोजगारीचे काय झाले, विषमतेचे काय झाले? या तिन्ही गोष्टी बिघडल्या असतील तर दरडोई उत्पन्न दुप्पट होऊनही त्याला विकास म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज पन्नासहून अधिक वर्षांनीही नव्या संशोधकाने हे तीन प्रश्न टेबलासमोर लिहून ठेवावेत, इतके ते नेमके आहेत. १९७० मध्ये एस्टर बोसरुप यांनी आफ्रिकेतील शेतीच्या कामाचा मोठा भार स्त्रिया उचलतात आणि नवी अवजारे व प्रशिक्षण मात्र पुरुषांच्या हाती जाते, हे पुढे आणले. १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या क्षमताविचाराच्या, म्हणजे माणूस प्रत्यक्षात काय करू आणि होऊ शकतो यावरून विकास मोजावा या विचाराच्या, आधारे संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. त्याच दशकात आर्तुरो एस्कोबार यांच्यासारख्या अभ्यासकांनी ‘विकास’ ही कल्पनाच सत्ता गाजवण्याची एक भाषा आहे, असा मूलगामी आक्षेप घेतला. दुसऱ्या टोकाला औषधांच्या चाचणीप्रमाणे योजनांचीही यादृच्छिक चाचणी घेणारी, म्हणजे योजना कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून दोन गटांची तुलना करणारी पद्धत वाढत गेली. तिच्यासाठी २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले. हे सगळे प्रवाह आजही जिवंत आहेत. संशोधकाला त्यांपैकी कशाच्या आधाराने बोलायचे ते ठरवावे लागते आणि उरलेल्यांना उत्तरही द्यावे लागते.

‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थही बदलतो आहे. श्रीमंत देशातला अभ्यासक गरीब देशात जाऊन संशोधन करतो, असे त्यात पूर्वी गृहीत असे. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे सर्व देशांना लागू आहेत, आणि काही विभागांनी आता ‘जागतिक विकास’ हे नाव घेतले आहे. अनेक संशोधक परदेशी विद्यापीठात नाव नोंदवून आपल्याच देशात क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष लोकांमध्ये राहून माहिती गोळा करायला, परततात. त्यांना भाषेची अडचण नसते, पण त्यांची जात, वर्ग किंवा आडनाव लोकांना पहिल्याच भेटीत कळते आणि त्यानुसार उत्तरे बदलतात.

प्रवेश आणि आराखडा

बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी आणि संशोधन आराखडा यांवर प्रवेश मिळतो. आराखड्यात प्रश्न, आधीचे संशोधन, पद्धत, वेळापत्रक आणि नीतिविषयक विचार अपेक्षित असतो. सर्वांत जास्त अर्ज अडतात ते प्रश्न फार मोठा असल्यामुळे. ‘आफ्रिकेतील गरिबी’ हा विषय नव्हे. रोख मदत थेट स्त्रियांच्या खात्यात जमा होऊ लागल्यावर एका जिल्ह्यातील कुटुंबांत खर्चाचे निर्णय कोण घेऊ लागले, हा विषय होऊ शकतो. विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोण आहे याला महत्त्व अधिक. त्याच प्रदेशात किंवा त्याच पद्धतीने स्वतः काम केलेला मार्गदर्शक मिळाला तर पुढची कितीतरी वळणे सोपी होतात.

ब्रिटिश पद्धतीत विद्यार्थी जवळजवळ थेट संशोधनाला लागतो. साधारण पहिल्या वर्षाअखेरीस त्याला सविस्तर आराखडा समितीपुढे मांडावा लागतो. तो मान्य झाल्यावरच पीएच.डी.ची नोंदणी पक्की होते. अमेरिकेत आधी सुमारे दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग सर्वंकष परीक्षा आणि त्यानंतर प्रबंध. तिथे या नावाने पीएच.डी. देणारे विभाग थोडे असल्याने पुष्कळजण समाजशास्त्रात, भूगोलात किंवा अर्थशास्त्रात नोंदणी करून हाच विषय हाताळतात. नेदरलँड्स आणि नॉर्डिक देशांत पीएच.डी. करणारा पुष्कळदा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो.

क्षेत्रकार्य

प्रबंध कितीही सैद्धांतिक असला तरी या विषयात त्याचे भवितव्य बहुतेकदा क्षेत्रकार्यात ठरते. सहा महिने ते दीड वर्ष संशोधक गावात, वस्तीत, कारखान्यात, सरकारी कचेरीत किंवा मदतसंस्थेच्या कार्यालयात घालवतो. मुलाखती, गटचर्चा, घरोघरचे सर्वेक्षण, सहभागी निरीक्षण (लोकांच्या रोजच्या जगण्यात सामील होऊन पाहणे), दप्तरातील जुने कागद अशी साधने तो मिसळून वापरतो.

तिथे गेले म्हणजे दिसले, असे मात्र नसते. ससेक्सच्या संस्थेतील रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नजरेतील दोष नेमके सांगितले. पाहुणे पक्क्या रस्त्यालगतची गावे पाहतात, प्रकल्प चालू आहे तिथेच जातात, पुढारी आणि पुरुष यांच्याशीच बोलतात, पावसाळ्यात येत नाहीत, भिडेपोटी अवघड प्रश्न टाळतात आणि आपल्या शास्त्राबाहेरचे त्यांना दिसत नाही. पावसाळ्याचा मुद्दा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. धान्य संपलेले, आजार वाढलेले आणि शेतात कष्ट सर्वाधिक, हे तिन्ही अनेक प्रदेशांत त्याच महिन्यांत एकत्र येते. क्षेत्रकार्याचे वेळापत्रक विद्यापीठाच्या सुट्ट्यांवर बेतले तर गरिबीचा सर्वांत कठीण काळच अभ्यासातून निसटतो.

क्षेत्रकार्य नीट साधले तर काय हाती लागते, याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे मानवशास्त्रज्ञ जेम्स फर्ग्युसन यांचे, दक्षिण आफ्रिकेने चारही बाजूंनी वेढलेल्या लेसोथो या छोट्या देशावरील काम. हार्वर्डमधील पीएच.डी.साठी त्यांनी थाबा-त्सेका या डोंगराळ भागातील एक विकास प्रकल्प अभ्यासला. जागतिक बँक आणि कॅनडा यांचा पैसा त्यामागे होता. प्रकल्पाच्या कागदपत्रांत लेसोथो हा बाजारापासून तुटलेला शेतकऱ्यांचा देश होता. प्रत्यक्षात तिथली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतील मजुरीवर जगत होती. लोक दुष्काळातही गुरे विकत नाहीत, हा अधिकाऱ्यांच्या मते परंपरेचा हट्ट होता. फर्ग्युसन यांना गावात राहून वेगळेच कळले. खाणीत राबणाऱ्या पुरुषाने कमाई रोख ठेवली तर ती घरातल्या रोजच्या मागण्यांत संपते; गुरांत घातली तर मोठ्या संकटाशिवाय तिला कोणी हात लावत नाही. ती त्याच्या म्हातारपणाची शिल्लक होती. प्रकल्प आपल्या उद्दिष्टांत अपयशी ठरला, पण त्याच्या आडून सरकारी यंत्रणा त्या भागात खोलवर शिरली, हा त्यांचा निष्कर्ष १९९० मध्ये पुस्तकरूपाने आला आणि या विषयाच्या वाचनयाद्यांत तेव्हापासून कायम राहिला.

क्षेत्रकार्याआधी परवानग्यांचे एक वर्तुळ पार करावे लागते. विद्यापीठाची नीतिसमिती संमती कशी घेणार, नावे कशी लपवणार, माहिती कुठे ठेवणार हे विचारते. केनिया आणि टांझानियात राष्ट्रीय विज्ञान आयोगाचा संशोधन परवाना लागतो. अलीकडे अभ्यासले जाणारे समाजही स्वतःचे नियम घालू लागले आहेत. दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, आस्था आणि ठरलेल्या मार्गाने परवानगी, एवढेच ती मागते, पण पूर्वी संशोधकांनी दिलेली वचने पाळली नाहीत, हेही ती स्पष्ट सांगते. समितीचे छापील संमतीपत्र कधीकधी उलटाच परिणाम करते. ज्याच्याकडे वास्तव्याची कागदपत्रे नाहीत त्याला कागदावर सही मागितली की तो घाबरतो. अशा ठिकाणी तोंडी संमतीच योग्य.

धोका कधी संशोधकालाही असतो. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थी ज्युलिओ रेजेनी इजिप्तमधील स्वतंत्र कामगार संघटनांचा अभ्यास करत होते. २५ जानेवारी २०१६ रोजी ते कैरोत बेपत्ता झाले आणि ३ फेब्रुवारीला छळाच्या खुणा असलेला त्यांचा मृतदेह सापडला. संशोधकांच्या सुरक्षिततेची आणि विद्यापीठांच्या जबाबदारीची चर्चा त्यानंतर अधिक गंभीरपणे होऊ लागली.

आणखी एका व्यक्तीचा उल्लेख प्रबंधांत फार कमी येतो, ती म्हणजे स्थानिक संशोधन साहाय्यक. भाषांतर करणारा, ओळखी करून देणारा, कोणता प्रश्न कोणासमोर विचारू नये हे सांगणारा तोच असतो. मुलाखतीतील एखादा शब्द ‘कर्ज’ म्हणून भाषांतरित झाला की ‘उसनवार’ म्हणून, यावर एक अख्खे प्रकरण उभे राहते किंवा कोसळते. तरीही तो ऋणनिर्देशातील एका ओळीत संपतो. त्याला रास्त मोबदला द्यावा आणि लेखात सहलेखकत्व मिळावे, ही मागणी पूर्णपणे न्याय्य आहे.

सगळेच क्षेत्रात जात नाहीत. जागतिक बँकेने १९८० मध्ये सुरू केलेली राहणीमान सर्वेक्षणे आणि अमेरिकी मदतीवर १९८४ पासून चाललेली ९० हून अधिक देशांतील लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे यांवर असंख्य प्रबंध उभे राहिले आहेत. अशी विदा (संशोधनासाठी गोळा केलेली आकडेवारी) किती परावलंबी असते ते २०२५ मध्ये दिसले. अमेरिकेने आपली परकीय मदत यंत्रणा गुंडाळली आणि या आरोग्य सर्वेक्षणांचा मुख्य आधार सुटला.

निधी

बहुतेक संशोधक शिष्यवृत्तीवर अवलंबून असतात. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, जर्मनीच्या डीएएडी या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची शिष्यवृत्ती, विद्यापीठांची स्वतःची विद्यावेतने हे नेहमीचे मार्ग. यातील काही पैसा सरकारांच्या परकीय मदतीच्या अंदाजपत्रकातून येतो, म्हणून राजकारणाचे धक्के थेट संशोधनाला बसतात. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी हे संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवले होते. ब्रिटनने २०२१ मध्ये आपली मदत ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली, तेव्हा चालू संशोधन प्रकल्पांचाही निधी मध्येच कापला गेला.

प्रबंध आणि परीक्षा

ब्रिटिश धर्तीचा प्रबंध ८० हजार ते १ लाख शब्दांचा असतो. अर्थशास्त्राकडे झुकणाऱ्या विभागांत तीन स्वतंत्र शोधलेखांचा प्रबंधही चालतो. ब्रिटनमध्ये तोंडी परीक्षा बंद दाराआड, एक अंतर्गत आणि एक बहिःस्थ परीक्षक घेतात आणि किरकोळ दुरुस्त्या सुचवून उत्तीर्ण करणे हा नेहमीचा निकाल असतो. नेदरलँड्समध्ये ती जाहीर समारंभासारखी होते. घरचे लोक, मित्र, कोणीही ऐकायला बसू शकते. ठरलेली वेळ भरताच विद्यापीठाचा दंडधारी (समारंभात दंड घेऊन चालणारा कर्मचारी) आत येतो आणि लॅटिनमध्ये ‘होरा एस्ट’, म्हणजे वेळ झाली, असे पुकारतो. त्या क्षणी प्रश्नोत्तरे थांबतात.

पदवीनंतर काहीजण अध्यापनात जातात. बरेचजण संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, विकास बँका, सरकारी खाती, स्वयंसेवी संस्था आणि योजनांचे मूल्यमापन यांत काम करतात.

प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहिला जातो आणि विद्यापीठाच्या भांडारात जमा होतो. ज्यांच्याविषयी तो असतो त्यांतील बहुतेकांना तो वाचता येत नाही. काही संशोधक म्हणून निष्कर्षांचा चार-सहा पानी सारांश तिथल्या भाषेत करून परत जातात आणि सभेत वाचून दाखवतात. अमुक विहीर त्या कुटुंबाची नव्हती, तमुक साली मजुरी तेवढी नव्हती, अशा चुका तिथे लोक लगेच दाखवतात, आणि तोवर परीक्षकांच्या दुरुस्त्या करून प्रबंध जमा झालेला असतो.